साल्हेर बघायचा तर सालोट्यावरून

नाशिक जिल्ह्यातले डोंगर जोडीनं राहतात. साल्हेर-सालोटा, मांगी-तुंगी, अंकाई-टंकाई, रवळ्या-जवळ्या, मुल्हेर-मोरा. बोलतानाही आपण त्यांची फारकत करत नाही. ‘परवा अंकाई-टंकाईला जाऊन आलो,’ असंच म्हणतो. कुणी नुसती टंकाई करून परतला, तर लोक आधी त्याच्या पायाची चौकशी करतात. दोन डोंगरांच्या मध्ये खिंड असते, खिंडीत भन्नाट वारा असतो. तिथं पाठपिशव्या टेकवायच्या, एक डोंगर उरकायचा, खाली येऊन डबे सोडायचे आणि ऊन कलायच्या आत दुसरा गाठायचा. कोणता करायचा हा प्रश्नच नसतो. आधी कोणता, एवढंच ठरवायचं.

म्हणून माचू पिचूची तिकिटं काढायला बसलो आणि तिथं एका तिकिटावर एकच डोंगर चढता येतो हे कळलं, तेव्हा दादा जवळजवळ चिडलाच. ‘दोन डोंगर समोरासमोर, आणि चढायचा एकच? मग मधली खिंड काय कामाची?’

‘खिंडीत गाव आहे,’ मी म्हटलं.

आणि ते खरंच तसं आहे. पेरू देशातलं हे इंका लोकांचं गाव, पंधराव्या शतकात पाचाकुती राजाच्या काळात वसवलेलं, दोन शिखरांच्या मधल्या धारेवर बसलेलं आहे. उंची 2,430 मीटर, म्हणजे आपलं कळसूबाई 1,646 मीटरचं धरलं तर त्याच्या माथ्यावरून अजून पावणेआठशे मीटर वर. खाली उरुबांबा नदी डोंगराला वळसा घालून जाते. दक्षिणेला माचू पिचू हाच डोंगर, ज्याच्यावरून गावाला नाव पडलं, 3,082 मीटर उंच. उत्तरेला वायना पिचू, साधारण 2,700 मीटर. नावांचा गोंधळ नको म्हणून दादानं पहिल्याच दिवशी त्यांना मोठा आणि धाकटा करून टाकलं आणि घरात तीच नावं रुळली. ‘आत्या, धाकट्याची तिकिटं संपत आलीयेत,’ असा भाचीचा पुण्याहून फोन यायचा तेव्हा शेजारच्या काकूंना वाटायचं, घरात कुणाचं तरी लग्न ठरतंय.

जाणारे आम्ही तिघं. दादा साठी ओलांडलेला, नाशिकच्या आसपासचे बहुतेक किल्ले पालथे घातलेला, आणि आता गुडघ्यांशी तडजोड करून चालणारा. भाची, म्हणजे त्याची मुलगी, पुण्यात नोकरीला, जिना एका वेळी दोन पायऱ्यांनी चढणारी. आणि मी, या दोघांच्या मधली. वहिनी येणार नव्हती. ‘मला अंजनेरीच्या पायथ्याला गाडीत बसवा आणि थर्मास द्या, मला तेवढं पुरे,’ हे तिचं नेहमीचं. पण चर्चेत तिचा वाटा सर्वांत मोठा होता, कारण चर्चा तिच्या स्वयंपाकघरात चालायची.

माचू पिचूचा फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो. पुढे छपरं नसलेली दगडी घरं, हिरवी पटांगणं, उतारावर एकाखाली एक उतरत गेलेले शेतांचे टप्पे, आणि मागे गावावर वाकून उभा असलेला टोकदार सुळका. तो सुळका म्हणजे धाकटा. मोठा त्या फोटोत नसतोच. फोटो काढणारा त्याच्याच अंगावरच्या टप्प्यांवर उभा राहून धाकट्याकडे तोंड करून फोटो काढतो. त्यामुळे सगळं जग धाकट्याला माचू पिचू समजतं आणि ज्याचं नाव माचू पिचू तो बिचारा कॅमेऱ्याच्या पाठीमागे.

भाचीचा कौल अर्थातच धाकट्याला. तिचं म्हणणं साधं होतं, ‘आपण हरिहर करणारी माणसं, आपण त्या मोठ्यावर जाऊन काय करणार? वायना म्हणजे तिकडचा हरिहरच आहे.’

हरिहर किल्ला ज्यांनी केलाय त्यांना काही सांगायला नको, आणि ज्यांनी केला नाही त्यांनी निदान फोटो बघितलाय. निरगुडपाड्याहून झाडीतून चढत धारेवर आलं की समोर कातळाची भिंत येते आणि तिच्यात खोदलेला जिना सरळ वर गेलेला दिसतो. लांबून तो चढण्यासारखा वाटतच नाही. जवळ गेल्यावर कळतं की खोदणाऱ्यानं आपला विचार केलाय. प्रत्येक पायरीत दोन्ही कडांना हाताची बोटं अडकतील अशा खोबण्या आहेत. शेकडो वर्षं बोटं घालून घालून त्यांच्या कडा गोल झाल्यात, आतला दगड गुळगुळीत लागतो, आणि पावसानंतर गेलं तर खोबणीत साचलेल्या पाण्यात बोटं बुडतात. पाय कुठं ठेवायचा ते डोळे बघतात, पण तोल सांभाळतात ती ही चार बोटं. वर दरवाजा, मग पुढे आलेल्या कातळाखालून अंग चोरून आडवं जायचं, मग पुन्हा पायऱ्या. उतरताना तोंड कातळाकडे करून, शिडी उतरल्यासारखं. त्र्यंबकगड पडल्यावर 1818 मध्ये इंग्रजांनी या भागातले किल्ले घेतले, कितीतरी ठिकाणच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. हरिहरचा जिना राहिला. का राहिला याच्या गोष्टी पायथ्याला चहा पिताना भरपूर ऐकायला मिळतात.

तर धाकट्यावरही शेवटच्या टप्प्यात असाच अरुंद, उभा दगडी जिना आहे. काही ठिकाणी धरायला लोखंडी दोर लावलेत, माथ्याजवळ एक बोगद्यासारखी फट आहे, तिच्यातून वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं. त्या जिन्याला लोकांनी ‘मृत्यूच्या पायऱ्या’ असं नाव ठेवलंय. भाचीनं ते मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं आणि वहिनीच्या हातातलं लाटणं थांबलं. ‘नावं तरी धड ठेवायची,’ ती म्हणाली. मला वहिनीचं पटतं. हरिहरच्या जिन्याला गावातल्या लोकांनी असलं काही नाव दिलेलं नाही. ते तिथं पिढ्यानपिढ्या वर-खाली करतात. पायऱ्यांना मृत्यूची नावं पर्यटकच देतात, म्हणजे परत आल्यावर सांगायला काहीतरी होतं.

दादाचा कौल मोठ्याला, आणि आम्हाला वाटलं गुडघ्यांमुळे. तसं नव्हतं. आकडे मांडून बसलो तेव्हा दिसलं की गुडघ्यांच्या हिशेबात मोठा काही स्वस्त नाही. धाकट्याची चढाई गावापासून पावणेतीनशे मीटरच्या आसपास. मोठ्याची साडेसहाशे. त्र्यंबकहून ब्रह्मगिरी चढतो त्याच्याहून थोडी जास्तच, आणि तीही जवळजवळ सगळी दगडी पायऱ्यांवरून. वाट रुंद आहे, पोटात गोळा येत नाही, पण पायऱ्या संपत नाहीत. धाकटा दोन-अडीच तासांत चढून-उतरून होतो, मोठ्याला तीन-चार तास लागतात. भीती कमी, दम जास्त, असा सौदा. उतरताना गुडघ्याचं काय व्हायचं ते दोन्हीकडे होणारच.

उंचीचा बाऊ मात्र आम्ही उगाच करत होतो. ‘तीन हजार मीटरवर श्वास लागतो,’ असं मी म्हणाले, तर दादानं नकाशा उलगडून दाखवलं की ज्या कुस्को शहरात विमान उतरतं ते स्वतःच 3,400 मीटरवर आहे. म्हणजे मोठ्याच्या माथ्यावर उभं राहिलं तरी आपण कुस्कोतल्या हॉटेलच्या पलंगापेक्षा खाली. सह्याद्रीत आयुष्य घालवून एवढ्या उंचीची तयारी होत नाही, कारण आपल्याकडे ती उंचीच नाही. म्हणून कुस्कोत उतरल्या उतरल्या मुक्काम न करता खालच्या खोऱ्यात जायचं, ओयान्तायताम्बोला राहायचं, तिथून रेल्वेनं आग्वास कालिएन्तेस या पायथ्याच्या गावी, जे आणखी खाली, दोन हजारांच्या थोडं वर आहे, आणि मग वळणावळणाच्या रस्त्यानं बसनं वर. ही आखणी दादाची. डोंगर कोणताही असो, पाण्याच्या जागा आणि मुक्काम आधी लिहून काढायचे ही त्याची जुनी खोड.

मग भाचीनं एक गोष्ट शोधून काढली आणि सगळ्या चर्चेची मांडणीच बदलली. तिथं मनाला येईल तसं हिंडता येत नाही. 2024 पासून गावात तीन फेऱ्या आखून दिल्यात, प्रत्येक फेरीच्या आत पुन्हा वेगवेगळ्या वाटा, आणि तिकीट वाटेचं मिळतं. एकदा पुढे गेलं की मागे फिरायचं नाही, बाहेर पडलं की परत आत नाही. (स्वच्छतागृह फक्त फाटकाबाहेर आहे, हे बायकांनी लक्षात ठेवावं. पुरुष मंडळी अशी माहिती लिहून ठेवत नाहीत.) मोठा डोंगर पहिल्या फेरीला जोडलेला आहे. ती फेरी वरच्या टप्प्यांवरून जाते, तो प्रसिद्ध फोटो तिथूनच मिळतो, पण गावाच्या गल्ल्यांत, घरांत शिरता येत नाही. धाकटा तिसऱ्या फेरीला जोडलाय. ती खालच्या अंगानं गावातून जाते, सूर्यमंदिर, कोंडोर या गिधाडाचं मंदिर असं करत, पण वरच्या टप्प्यांवर जात नाही, म्हणजे तो फोटो नाही. गाव नीट बघायचं तर दुसरी फेरी, आणि तिच्यात डोंगर एकही नाही.

म्हणजे आपण निवडतो तो नुसता डोंगर नसतो. मोठा घेतला तर गाव लांबून, धाकटा घेतला तर गाव जवळून पण अर्धं. हे कळल्यावर ‘कुठला अवघड, कुठला सोपा’ यावर आम्ही घातलेला वेळ मला फुकट वाटायला लागला.

आणि मला सालोटा आठवला.

साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, 1,567 मीटर. 1672 ची लढाई इथलीच. मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवलं, त्या लढाईत सूर्यराव काकडे पडले. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे 12 किल्ले गेले त्यांतही तो आहे. साहजिकच सगळे साल्हेरला जातात, वर परशुरामाच्या मंदिरापाशी वारा खातात, उतरतात. शेजारचा सालोटा कमी लोक करतात. वाट घसाऱ्याची, माथ्यावर बघायला थोडकं. पण साल्हेर बघायचा असेल तर सालोट्यावर जावं लागतं. तिथून समोर अख्खा साल्हेर उभा राहतो. खिंडीतून वर गेलेली वाट कशी वळते, कातळात कोरलेल्या पायऱ्या कुठून सुरू होतात, एकामागून एक दरवाजे कसे बसवलेत, एका दरवाजातून दुसऱ्यात शिरणारा माणूस वरच्याच्या माऱ्यात कसा येतो, हे सगळं एका नजरेत. साल्हेरवर असताना यातलं काही कळत नाही. तिथं आपण एका दरवाजात असतो, पुढचा दिसत नसतो. किल्ला बांधणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते शेजारच्या डोंगरावर बसून समजतं.

अंजनेरी आणि ब्रह्मगिरीचंही तेच. त्र्यंबकच्या रस्त्यानं जाताना अंजनेरी हा नुसता एक मोठा डोंगर वाटतो. ब्रह्मगिरीवर गेलं की कळतं की तिचं पठार किती पसरलंय.

हे मी स्वयंपाकघरात मांडलं. धाकट्यावर उभं राहिलं की धाकटा दिसायचा नाही. गाव दिसेल, पण मागच्या बाजूनं, आणि ज्या सुळक्यामुळे त्या गावाला रूप आहे तो आपल्या पायाखाली गडप. मोठ्यावरून गाव लहान दिसेल हे कबूल, पण गाव, धाकटा, खालची नदी, तिनं घातलेला वळसा, आणि हवा स्वच्छ असेल तर 6,271 मीटरचा बर्फाळ साल्कान्ताय, सगळं एकत्र. इंकांनी हीच जागा का निवडली याचं उत्तर असेल तर ते तिथून मिळेल. दादा मान हलवत होता. त्याचं म्हणणं पहिल्यापासून हेच होतं, फक्त तो ते ‘मोठा बरा’ एवढ्या दोन शब्दांत मांडायचा.

भाची काही क्षण गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘आत्या, तू हरिहरला वरचं दृश्य बघायला जातेस?’

नाही. हरिहरच्या माथ्यावर काय आहे म्हटलं तर तळं, मारुती, एक कोठार, आणि वैतरणेकडचा मोकळा प्रदेश. मी जाते ती जिन्यासाठी. त्या खोबण्यांसाठी. कुणीतरी छिन्नी-हातोडा घेऊन, पाठीमागे दरी आहे हे माहीत असताना, पुढच्या माणसाच्या बोटांचा विचार केला, ते हाताला लागतं म्हणून. आणि धाकट्यावर तर माथ्यापर्यंत इंकांचं काम आहे. जिथं शेळी उभी राहणार नाही अशा उतारावर शेतांचे टप्पे बांधलेत, काही पायऱ्या मूळ खडकात कोरल्यात. तेही ग्रॅनाइटमध्ये, आणि लोखंड नसताना. आपल्या कातळात टाकी खोदणाऱ्यांकडे पोलादाची छिन्नी होती. त्यांच्याकडे दगडावर दगड घासणं आणि ठोकणं. लांबून बघून यातलं काय कळणार, हे भाचीचं म्हणणं मला खोडून काढता आलं नाही, आणि काढायचंही नव्हतं.

तयारी म्हणून आम्ही पांडवलेणी आणि रामशेज धरलं होतं, आणि अधूनमधून अंजनेरी. अंजनेरीला एक गोष्ट मला दर खेपेला खटकते. पायथ्याच्या गावाजवळ पडक्या मंदिरांचा मोठा समूह आहे, जैन आणि हिंदू दोन्ही, यादवांच्या काळातला. त्यातल्या एका जैन मंदिरात शके 1063 चा, म्हणजे इसवी सन 1141 च्या सुमाराचा, शिलालेख आहे. त्याच्याही आधी, आठव्या शतकात हरिश्चंद्रवंशी भोगशक्तीनं दिलेले ताम्रपट या गावी सापडलेत. म्हणजे हे एके काळी चांगलं नांदतं शहर होतं. आज डोंगरावर अंजनीमातेच्या दर्शनाला जाणारी गर्दी या मंदिरांच्या शेजारून जाते आणि थांबत नाही. कोरीव द्वारशाखा, म्हणजे दाराची चौकट, गवतात उभी आहे, तिच्या आत शिखराचे दगड ढासळून पडलेत, एका थरावर हत्तींची ओळ आणि तिच्यावर वाळत घातलेल्या शेण्या. तिकीट नाही, फेरी नाही, वेळ नाही, आणि बघणाराही नाही. माचू पिचूच्या तिकिटावर कुरकुर करताना मला हे आठवतं. तिथं लोकांना शिखराचीच ओढ असते हे ओळखून त्यांनी शिखराची वाटच अवशेषांतून नेली आहे. आवडो न आवडो, माणूस काहीतरी बघूनच वर जातो.

पाण्याचं मात्र आमच्या दादाला फार. किल्ल्यावर गेला की तो आधी टाकी मोजतो. सह्याद्रीतल्या किल्ल्याचं सगळं शहाणपण कातळातल्या टाक्यांत आहे, पावसाचे चार महिने साठवायचं आणि आठ महिने पुरवायचं. माचू पिचूत टाकी नाहीत. वरच्या अंगाला, मोठ्याच्या उतारावर एक झरा आहे. त्याचं पाणी 749 मीटर लांबीच्या दगडी पाटानं गावात आणलंय आणि तिथं एकाखाली एक अशा 16 कुंडांतून खेळवलंय. पाऊस तिथं वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, म्हणजे खरी चिंता साठवायची नव्हती, वाहून घालवायची होती. म्हणून शेतांच्या टप्प्यांत खाली मोठे दगड, मग खडी, मग वाळूमाती, वर सुपीक माती असे थर घातलेत. पाणी मुरतं आणि निघून जातं. नाहीतर त्या उतारावरून अख्खं गाव केव्हाच नदीत गेलं असतं. दर पावसाळ्यात दरडीच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे थर जरा लक्ष देऊन बघावेत असं मला वाटतं. धाकट्याच्या पायऱ्यांची चित्रं सगळीकडे आहेत, या थरांची फारशी कुठं नाहीत, कारण ते दिसत नाहीत.

त्या जागेचा ‘शोध’ 24 जुलै 1911 ला हायरम बिंगहॅम या अमेरिकी माणसानं लावला, असं पुस्तकांत असतं. प्रत्यक्षात मेल्चोर आर्तेआगा हा तिथला शेतकरी त्याला वर घेऊन गेला, वर टप्प्यांवर शेती करून राहणारी कुटुंबं भेटली आणि अवशेष दाखवायला त्यांच्यातलं एक लहान पोर पुढे झालं. सह्याद्रीत भटकणाऱ्याला यात नवल काही नाही, आपल्यालाही वाट गावातलं पोरच दाखवतं. एका भिंतीवर तर आधीच कोळशानं नाव लिहिलेलं होतं, लिसारागा, 1902. आपल्याकडच्या किल्ल्यांवर नाव रंगवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, पण या एका नावाच्या बाबतीत मी जरा डळमळते. ते नाव नसतं तर बिंगहॅमच्या आधी तिथं कोण आलं होतं याचा दगडावरचा पुरावा मिळाला नसता.

ऋतूचा प्रश्न सर्वांत सोपा निघाला. तिथला कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडे अंजनेरी ढगात असते तेव्हा. नोव्हेंबर ते मार्च तिकडे पाऊस. डोंगरांतून चालत माचू पिचूला नेणारी इंका वाट तर फेब्रुवारीत बंदच असते. दिवाळीच्या सुटीत जावं असा माझा विचार होता, तो दादानं मोडून काढला. ऑगस्ट ठरला. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी हुकणार, एवढीच त्याची हळहळ. वेळ निवडतानाही थोडी रस्सीखेच झाली. भाचीला पहाटेची पहिली तुकडी हवी होती. पण तिथं सकाळी धुकं असतं, कोरड्या हंगामातही, आणि ते बऱ्याचदा नऊ-दहापर्यंत विरतं. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याशी पांढऱ्या भिंतीकडे बघत बसण्याचा अनुभव आमच्या घरात सगळ्यांच्या गाठीला आहे, त्यामुळे मोठ्यासाठी उशिराची तुकडी घेण्यावर वाद झाला नाही.

तिकिटं शेवटी अशी काढली. भाची धाकट्यावर, एकटी. दादा आणि मी मोठ्यावर. दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून दुसरी फेरी, डोंगर न चढता नुसतं गाव बघायला. खर्च वाढला. ‘दोन दिवस एकच गाव बघायला पैसे?’ असं कुणी विचारलं तर दादाचं उत्तर तयार आहे, ‘साल्हेरला किती वेळा गेलो ते विचार.’ वहिनीचा सगळा रोख ‘एकटी’ या शब्दावर होता. भाचीनं तिला सांगितलं की तिथं वर जाताना वहीत नाव-वेळ लिहावी लागते आणि उतरल्यावर पुन्हा सही करायची असते, म्हणजे कुणी वर राहिलं तर कळतं. ‘वर राहिलं तर कळतं’ हे वाक्य आईला धीर द्यायला फारसं उपयोगाचं नाही, हे त्या पोरीच्या लक्षात आलं नाही. रात्री जेवण होईपर्यंत वहिनी बोलली नाही, आणि मग एकदम म्हणाली, ‘खोबण्या आहेत का तिथं? हरिहरसारख्या?’ लोखंडी दोर आहेत, असं मी सांगितलं. तिनं हरिहर कधी केलेला नाही.

आता राहिली ती दादाची काठी. काठीशिवाय तो उतरत नाही, आणि माचू पिचूत लोखंडी टोकाची काठी चालत नाही, दगड झिजतात. वयस्कर माणसाला परवानगी आहे, पण टोकाला रबर हवं. ज्या काठीनं त्यानं अर्धी सातमाळा डोंगररांग पायाखाली घातलीय ती जाड वेताची, तिला दुकानातलं कुठलंच तयार टोपण बसेना. मेन रोडवर दोन-तीन दुकानं झाली, छत्रीवाला झाला, ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानातल्या मुलानं नवीन घडीची काठी घ्या म्हणून सुचवलं, तेव्हा दादानं त्याच्याकडे असं बघितलं की पोरगं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलं. शेवटी एका सर्जिकलच्या दुकानात कुबडीच्या खाली लावतात ती रबरी टोपणं मिळाली. तीही किंचित सैल होतात. सायकलच्या ट्यूबचा तुकडा आत घालून पक्कं करायचं ठरलंय, आणि रविवारी रामशेजवर नेऊन बघायचं की उतरताना निसटतं का.